आठ महिने, एक किलो पावडर आणि घरातले डाग

आमच्या घरात धुण्याचं खातं माझ्याकडे आहे. बायकोची ड्युटी शिफ्टची, आणि खरं सांगायचं तर सकाळी तासभर मोरीत कुणी हाक मारत नाही, हे मला मानवतं. गेल्या गणपतीच्या आधी ऑनलाइन एक किलो सोडियम परकार्बोनेट मागवलं. ‘ऑक्सिजन ब्लीच’ म्हणतात ते हेच. साडेतीनशे रुपये पडले. आता डब्याच्या तळाला वाटीभर उरलंय, तेव्हा लिहायला हरकत नाही.

पहिले तीन आठवडे मी या पावडरीला मनसोक्त शिव्या घातल्या. चूक माझी होती. नळाच्या गार पाण्यात चमचाभर टाकायची, अर्ध्या तासानं कपडा घासायचा, डाग तसाच. ही पावडर पाण्यात पडली की हायड्रोजन पेरॉक्साइड आणि धुण्याचा सोडा सुटे होतात. पेरॉक्साइड डागाचा रंग तोडतो, सोडा तेलकट मळ सैल करतो. पण गार पाण्यात हे सगळं रेंगाळत चालतं. गीझरचं चटका बसेल असं पाणी अर्धी बादली, त्यात दोन मोठे चमचे पावडर नीट विरघळवून मग कपडा बुडवला, तेव्हा बारीक बुडबुडे दिसायला लागले. चार-पाच तास हात लावायचा नाही. बायकोच्या पांढऱ्या कोटावर खिशापासून खालपर्यंत चहाचा ओघळ होता, दोन धुण्यांत न हललेला. दुपारी नुसता चुबकून काढला तर ओघळ कुठून गेला होता तेही सांगता येईना. चहा, कॉफी, जांभळं, घामानं पिवळी पडलेली कॉलर, यांना दहापैकी नऊ गुण. पूर्वी कॉलरला साधं क्लोरीनवालं ब्लीच लावायचो, त्यानं पिवळेपणा उलट वाढायचा. आणि हो, ही दोन ब्लीचं एका बादलीत कधीही एकत्र करू नका.

हळदीचं प्रकरण मात्र वेगळं निघालं. डिसेंबरात मावसभावाची हळद झाली, माझा पांढरा सदरा पाठीवर पिवळाधमक. आल्या आल्या साबण चोळला आणि डाग लालभडक झाला. आई दारातून म्हणाली, “साबण लावलास ना? झालं कुंकू!” ती थट्टा करत होती, पण रसायनशास्त्र तेच आहे. हळदीला चुना लागला की ती लाल होते, कुंकू त्याच युक्तीनं करत आले. साबण आणि सोडा दोन्ही चुन्याच्याच जातीचे, अल्कधर्मी. त्यामुळे या पावडरीच्या पाण्यातही डाग आधी लालच होतो आणि माणूस घाबरतो. घाबरू नये, साध्या पाण्यात खळबळला की परत पिवळा होतो. पावडरीनं साधारण निम्मा रंग उतरला. उरलेला उन्हानं खाल्ला. सदरा ओला करून गच्चीवर दोन दिवस कडक उन्हात टाकला, डागाची बाजू वर. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दांडीवरून काढताना पाठ कुठली ते बटणं बघून ठरवावं लागलं. हळदीपुरतं बोलायचं तर साडेतीनशे रुपये वाचवा, ऊन फुकट आहे.

आता फजिती. दर वेळी पाणी तापवायचा कंटाळा, म्हणून एकदा द्रावण करून स्प्रेच्या बाटलीत भरलं, बूच घट्ट लावलं, मोरीच्या फळीवर ठेवलं. रात्री दोनला फाटकन आवाज. बूच एकीकडे, बाटली दुसरीकडे, सगळ्या फरशीवर पांढरट पाणी. बाबांना वाटलं मांजर शिरलं. पाण्यात गेलेली पावडर ऑक्सिजन सोडतच राहते, बंद बाटलीत तो जाणार कुठे? शिवाय काही तासांत त्या पाण्यातला जोरही ओसरतो. लागेल तेवढंच, लागेल तेव्हाच करायचं आणि उरलं की ओतून द्यायचं.

पाकिटाबद्दल तक्रार आहे. त्याची झिप आठवड्यात निकामी झाली, पावसाळी हवेत वरच्या थराचे खडे झाले. मी कोरड्या डब्यात काढून ठेवली, ओला चमचा घालायला सगळ्यांना बंदी.

रक्ताला आधी गार पाणीच, गरम घातलंत तर डाग बसला म्हणून समजा. तेलाच्या डागाला भांडी घासायचं लिक्विड बोटानं चोळलेलं जास्त कामाचं. रेशीम आणि लोकर या पाण्यात घालायची नाही. बायकोच्या पैठणीवर आमटी सांडली तेव्हा माझा हात शिवशिवत होता, पण गुमान ड्रायक्लीनला दिली. रंगीत सुती कपडा आतल्या शिवणीवर आधी तपासून घ्यावा. लेकीचा निळा युनिफॉर्म टिकला, माझा हातमागाचा तांबडा कुर्ता गुलाबी होऊन बसला.

गंजावर शून्य गुण. दांडीच्या चिमट्यांच्या स्प्रिंगा गंजतात, त्यांचे तपकिरी ठिपके रात्रभर भिजवूनही ढिम्म हलले नाहीत. तिथे लिंबू, मीठ आणि ऊन, दोन खेपा, बास. बिब्ब्याच्या नादी तर लागूच नये. परीट पूर्वी कपड्यांवर खुणा बिब्ब्यानंच करायचे, त्या धुण्यानं जात नाहीत म्हणूनच.

राहिला बाबांच्या नेहरू शर्टावरचा पानाचा डाग. कात आणि चुना दोन्ही जिद्दीचे. तीन वेळा भिजवला, लालसर तपकिरीचा फिकट बदामी झाला आणि तिथे थांबला. “वरून जाकीट घालतो की,” बाबा म्हणाले, आणि पान लावायला बसले. पुढच्या खेपेला अर्धा किलोच मागवणार आहे.