सोफी घ्यावी की ब्रिजेट?

हलकीफुलकी ब्रिटिश प्रेमकथा हवी, तर जॉर्जेट हेयरची ‘द ग्रँड सोफी’ (1950) की हेलन फील्डिंगची ‘ब्रिजेट जोन्सेस डायरी’ (1996)?

सोफीची सुरुवात जड जाते: रीजन्सी काळातली (एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या इंग्लंडमधली) बोली, बग्ग्यांचे प्रकार, नात्यांचा गुंता. अडलेला शब्द सोडून पुढे जावं. कोश उघडला की विनोद निसटतो. ब्रिजेट सोपी. वजन, दारू, सिगारेटी, कॅलरी यांचा हिशेब, मग फजिती.

दुसऱ्या वाचनात सोफीच जास्त टिकते, कारण गंमत तिच्या डावपेचांत आहे. शेवटी आतेभावाशी लग्न; मामाच्या मुलीचं आपल्याला काय नवल! सावकाराच्या प्रसंगातला ज्यूद्वेष मात्र खुपतो. ब्रिजेटचा वजनाचा ध्यासही आज टोचतो.

लोकलमध्ये तुकड्यातुकड्यांनी वाचणार असाल तर ब्रिजेट. सलग दोन तास मिळत असतील तर सोफी.