परड्यातला आर्टिफिशियल लॉन: ठिगळ, नवा रोल की खरी हरळी?

लॉन दुरुस्त करायचं की काढायचं हे पात्यांचा रंग बघून ठरवू नका. कोपरा उचला आणि टर्फची, म्हणजे या प्लॅस्टिकच्या लॉनची, पाठ बघा. तिथे काळा लॅटेक्सचा थर असतो. तो दुमडून पाहा. रबरासारखा वळला तर ठीक. तडे जाऊन भुगा पडायला लागला तर त्या टर्फच्या दुरुस्तीवर एक रुपयाही घालू नये. मग पात्यांचा एक झुबका चिमटीत धरून ओढा. एखाद-दुसरं पातं निघतंच, पण अख्खा झुबका हातात आला तर टाक्यांची पकड गेली. शेवटी तळहातावर पाती चोळा. हिरवी पूड उठली तर उन्हाने प्लॅस्टिक ठिसूळ झालंय आणि त्याला औषध नाही.

तिन्ही परीक्षांत पास झालेला टर्फ बदलायला सांगणारा माणूस रोल विकतोय, एवढं समजून घ्या.

ठिगळ

१३ बाय २० फुटांचं परडं धरू. रोल साधारण साडेसहा फूट रुंद असतो, म्हणजे दोन पट्ट्या आणि मधे २० फुटांचा एकच सांधा. पहिल्यांदा उघडतो तो हाच. कारण बहुधा डिंक. साध्या रबर सोल्यूशनने चिकटवलेला सांधा एप्रिलच्या उन्हात सैल पडतो आणि जूनच्या पाण्यात सुटतो. त्यावर तोच डिंक पुन्हा लावण्यात अर्थ नाही. जुना खरवडून काढा, खाली किमान ६ इंच रुंद सीम टेप (सांधा जोडायची पट्टी) घाला, गुळगुळीत बाजू जमिनीकडे, आणि दोन भाग मिसळून लावायचा पॉलीयुरेथेन डिंक वापरा. दोन कडांमध्ये २-३ मिलिमीटर फट ठेवायची. घट्ट भिडवलं की सांध्याची वरंबी उठते आणि दुरून दिसते. वर वजन ठेवून २४ तास पाय नको.

हे काम पावसाळ्यात करूच नका. ओल लागली की हा डिंक फसफसतो, आत बुडबुडे राहतात आणि पकड येत नाही. नोव्हेंबर ते मे योग्य, आणि थंडीत सकाळचं दव पूर्ण वाळल्यावरच.

फुलबाजीने किंवा भुईचक्राने जळालेला तुकडा काढताना टर्फ उलटा करून, टाक्यांच्या दोन ओळींच्या मधून कटर चालवा. वरून कापलं की पातीच छाटली जातात. ठिगळाला नवा तुकडा लावू नका, जुन्या उन्हाळलेल्या टर्फमध्ये तो पोपटी उठून दिसतो. पाण्याच्या टाकीमागचा तुकडा काढून इथे लावा, नवा टाकीमागे. पाती एकाच बाजूला झुकतील असं बसवा. आणि डाग शेजारच्या रिफ्लेक्टिव्ह काचेच्या झोताने पडला असेल तर आधी त्या काचेवर जाळी किंवा पडदा, नाहीतर ठिगळही वितळेल.

शेवाळासाठी निम्मं व्हिनेगर, निम्मं पाणी, अर्धा तास थांबून नायलॉनचा ब्रश. तारेचा ब्रश पाती फाडतो. मग धुऊन, वाळवून, चौरस मीटरला ५ ते ७ किलो धुतलेली सिलिका वाळू पसरा. आपल्या २४ चौरस मीटरच्या परड्याला ५० किलोच्या तीन-चार गोण्या. नदीची वाळू स्वस्त पडते, पण तिची माती पाठीची भोकं बुजवते आणि शेवाळ पुन्हा तिथेच धरतं.

नवा रोल

पाठ गेली असेल किंवा पाणी साचत असेल तर टर्फ उचलावाच लागतो. पाठ शाबूत असेल आणि फक्त पाणी साचत असेल, तर तोच टर्फ गुंडाळून ठेवा, खालचा भराव नीट करा आणि पुन्हा अंथरा. इथे बेळगाव-खानापूर आणि निपाणी-चिकोडी-अथणी यांचा हिशेब वेगळा.

बेळगाव-खानापूरच्या तांबड्या मातीच्या बाजूला पाऊस जास्त असला तरी जमीन हलत नाही. ३ इंच खडी आणि वर इंचभर ग्रिट (बारीक कच), दोन्ही थर कॉम्पॅक्टरने दाबून, पुरतं. परड्याला खडी पाऊण ब्रास, ग्रिट पाव ब्रासच्या आसपास (ब्रास म्हणजे १०० घनफूट). १३ फुटांत दीड इंच उतार नालीकडे.

निपाणी-चिकोडी-अथणीच्या काळ्या मातीत हेच केलं तर दोन वर्षांत खड्डे. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि भेगांत खडी उतरते. तिथे ६ ते ८ इंच माती काढून, जिओटेक्स्टाइल कापड (माती आणि खडी वेगळी ठेवणारं) अंथरून, मुरूम आणि खडी भरा. हा खर्च टाळायचा असेल तर काळ्या मातीवर नवा रोल घेऊच नये असं आमचं मत.

खरी हरळी

रोज पाच-सहा तास ऊन मिळत असेल तर हा पर्याय गंभीरपणे बघा. चौरस मीटरला दिवसाला सुमारे ५ लिटर, म्हणजे एप्रिल-मेमध्ये या परड्याला रोज १२० लिटर पाणी. घरची बोअर असेल तर जमतं. नळावर आणि टँकरवर असाल, त्यातून अथणीकडे, तर नाही. पावसाळ्यात दर आठवड्याला कापणी लागते. आंब्याच्या सावलीत हरळी धरत नाही, तिथे टर्फच बरा.

लहान मुलं अनवाणी खेळणार असतील तर मात्र पारडं हरळीकडे झुकतं. मेच्या दुपारी टर्फ ६० अंशांवर जाऊ शकतो आणि पाणी मारलं तरी अर्ध्या तासात पुन्हा तापतो. कुत्रा असेल तर दोन्हीकडे त्रास: हरळीवर पिवळे चट्टे, टर्फला वास. टर्फचा वास वाळूत मुरतो, म्हणून वाळू काढून तिथे झियोलाइट (वास शोषणारे खनिज खडे) घालावं लागतं.

नवा रोल घेतलाच तर फूटभर जास्त घ्या आणि उरलेला तुकडा माळ्यावर न ठेवता टाकीमागे उन्हातच अंथरून ठेवा. पुढे ठिगळ लागलं तर रंग जुळतो.