साडेतीनशे रुपयांचा पर्जन्यमापक: मे ते नोव्हेंबर वापरल्यानंतरचा अनुभव

मे महिन्यात ऑनलाइन दोन पर्जन्यमापक मागवले, एक आमच्याकडे वाईला आणि दुसरा माझ्या माहेरी पाचगणीला, दादासाठी. साडेतीनशेला एक. साधं प्लास्टिक, वर ११ सेंटीमीटरचं नरसाळं, आत २५ मिमीपर्यंत खुणा केलेली नळी आणि बाहेर मोठं नळकांडं, म्हणजे नळी भरली की जास्तीचं पाणी बाहेरच्यात साठतं, ते नंतर नळीतनं ओतून ओतून मोजायचं. ब्रँडचं नाव मुद्दाम लिहीत नाही, का ते पुढे कळेलच.

पहिला घोळ जागेचा. आजूबाजूला जे काही उभं असेल त्याच्या उंचीच्या निदान दुप्पट लांब ठेवायचा असा नियम आहे. आता आमच्या परसात शेवगा, पुढे गाडीचं दहा फुटी शेड, गच्चीवर कठड्यामुळे वारा गरगरतो. शेवटी शेडपासून वीस फूट मोजून अंगणाच्या कोपऱ्यात दीड फुटाचा पाइप रोवला. पाइप सरळ उभा आहे का हे ओळंब्याने बघता आलं असतं, पण तेवढ्यात शून्य सावलीचा दिवस आला. वाईला मेच्या दुसऱ्या आठवड्यात सूर्य बरोबर डोक्यावर येतो, आणि तोही १२ वाजता नाही तर १२:३१ च्या आसपास, कारण आपलं घड्याळ तिकडे मिर्झापूरजवळनं जाणाऱ्या रेषेवर लावलंय आणि आपल्याकडे सूर्य अर्धा तास उशिरा पोचतो. मुलीला घेऊन उन्हात बसले. पाइपची सावली आखडत आखडत आली आणि उत्तरेच्या अंगाला बोटभर शिल्लक राहिली ती जाईचना, म्हणजे पाइप तेवढा कललेला. ढोसून सरळ केला तेव्हा सावली बुडाशी गेली. असाच दिवस जुलैअखेर परत येतो, पण तेव्हा सूर्य कोणाला दिसतोय.

मग पाऊस सुरू झाला. रोज सकाळी साडेआठला वाचायचं, हवामान खातंही चोवीस तासांचा पाऊस साडेआठलाच मोजतं. डोळे पाण्याच्या पातळीला आणायचे आणि पाण्याचा जो खोलगट बाक असतो त्याच्या तळाचा आकडा घ्यायचा, कडेचा नाही. नरसाळ्याच्या तोंडापेक्षा नळी क्षेत्रफळाने दहा पट लहान, त्यामुळे १ मिमी पाऊस नळीत १ सेंटीमीटर दिसतो, ०.२ सुद्धा आरामात वाचता येतो. एक मिमी म्हणजे चौरस मीटरला एक लिटर हे शाळेत शिकलो होतो, पण आमची गच्ची ६०० स्क्वेअर फूट, म्हणजे १८ मिमी पडला की हजार लिटरची टाकी भरेल एवढं पाणी पन्हाळीतनं गटारात जातं, हे मी पहिल्यांदाच हिशेब करून बघितलं आणि जीव हळहळला.

सासूबाईंना मिमी वगैरे मान्य नाही. त्यांचा पाऊस नक्षत्राचा. मी एक्सेलमध्ये तारखेशेजारी नक्षत्राचा कॉलम टाकला तेव्हा कुठे त्या फोनमध्ये डोकवायला लागल्या. ह्यात गंमत अशी की पावसाची नक्षत्रं चंद्राची नाहीत, सूर्याची. सूर्य एका नक्षत्रात साडेतेरा दिवसांच्या आसपास असतो, म्हणून दिवाळी पुढेमागे होते पण मृग दरवर्षी ७-८ जूनलाच लागतो. पुनर्वसूचा तो तरणा पाऊस, पुष्याचा म्हातारा. आमच्या शीटमध्ये यंदा म्हाताऱ्याने तरण्याला चांगलंच मागे टाकलं. सासूबाई म्हणाल्या, मला ठाऊक होतं.

दादाबरोबरचा खेळ तर व्यसनासारखा झाला. वाई ते पाचगणी पसरणीचा घाट धरून बारा-तेरा किलोमीटर, उंचीत सहाशेच्या आसपास मीटरचा फरक, आणि एका दिवशी माझ्याकडे १४ तर त्याच्याकडे ९६, त्याने चार वेळा ओतून मोजला. कोकणातनं आलेले ढग महाबळेश्वरला वर चढताना गार होतात, तिथेच बहुतेक रिकामे होतात (तिथे वर्षाला ५००० मिमीच्या वर), आणि आमच्याकडे उतरतात तेव्हा उरलंसुरलं. हे भूगोलात पाठ केलेलं, पण १४ आणि ९६ शेजारी शेजारी लिहिताना वेगळंच वाटतं. त्याच आठवड्यात वाईत नुसती भुरभुर असताना कृष्णेचं पाणी ढोल्या गणपतीच्या घाटाला लागलं, वरच्या धोम धरणातनं सोडलेलं. आधी मी म्हटलं असतं, इथे पाऊस नाही न पूर कसा.

आता तक्रार. जुलैत एका सकाळी ओतून ओतून ६८ भरला. दीर शेती करतात, सोयाबीन आहे, चार दिवस वावरात पाणी उभं होतं. महसूल मंडळात (काही गावांचा सरकारी गट) चोवीस तासांत ६५ मिमीच्या वर गेला तर अतिवृष्टी धरतात, पिकाची भरपाई त्यावर ठरते, आणि मंडळाची नोंद ६५ च्या खाली आलेली. भाऊजी एकदम खूश, "वहिनी, तुमच्याकडं ६८ हाय, फोटो काढून ठेवा." मी फोटो काढला. पण दोन ठिकाणचा पाऊस वेगळा असू शकतो हे मला माहीत होतं, २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ आणि कुलाब्याला ७३ पडला होता, दोन्ही मुंबईच. त्यामुळे मंडळाचा आकडा चुकीचा असं काही मी म्हणाले नाही. पण मग मुलगीच म्हणाली, आई, तुझा बरोबर आहे कशावरनं?

खरंच की. तीन महिने रोज आकडा लिहितेय आणि हे एकदाही तपासलं नाही. नरसाळ्याचा व्यास परत मोजला, ११ सेंटीमीटर, म्हणजे क्षेत्रफळ ९५ चौरस सेंटीमीटर, म्हणजे १० मिमी पावसाला ९५ मिली पाणी जमायला पाहिजे. मेडिकलमधनं मोठी सिरिंज आणली आणि मोजून ९५ मिली नरसाळ्यात सोडलं. नळीत दिसलं १०.८. तीनदा केलं, तीनदा १०.८. नळी छापलेल्या खुणांच्या मानाने जरा अरुंद आहे, म्हणून पाणी उंच चढतं न पाऊस जास्त दिसतो. म्हणजे माझा प्रत्येक आकडा ०.९२६ ने गुणायचा. ६८ चे झाले ६३.

भाऊजींना सांगायची हिंमत होईना. संध्याकाळी सांगितलं. जरा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "वहिनी, तुमचं यंत्र सरकारला फितूर झालं की." तो फोटो त्यांनी अजून डिलीट केलेला नाही.

दादाला फोन करून त्याचाही तपासायला लावला, तर त्याच्यात ९५ मिलीला ९.९. एकाच ऑर्डरमधनं आलेल्या दोन डब्यांत हा फरक. म्हणून म्हणते ब्रँड बघण्यात अर्थ नाही. घेतलात तर पहिल्याच दिवशी सिरिंज लावा, चूक किती ती नळीवर मार्करने लिहून ठेवा, मग साडेतीनशेचा डबा बिनधास्त वापरा. मला आधीच्या सगळ्या नोंदी परत गुणाव्या लागल्या. एक्सेलमध्ये एक मिनिटाचं काम, पण ओळीने सगळे आकडे खाली आलेले बघून उगाच वाईट वाटलं, जणू पाऊसच परत घेतला कोणीतरी.

बाकी बारीकसारीक कटकटी. ऑगस्टमध्ये रात्रभर कौलांवर आवाज येत होता आणि सकाळी नळीत शून्य, नरसाळं मात्र काठोकाठ. कुंभारमाशीने नरसाळ्याच्या खालच्या भोकात मातीचं घर बांधलं होतं. त्या दिवशी नोंद नाही, रकाना रिकामा ठेवलाय. रिकामा न शून्य ह्यात फरक आहे हे मुलीला समजवायला अर्धा तास गेला. आतनं हिरवं शेवाळ धरतं, बाटलीच्या ब्रशने निघतं. ऑक्टोबरच्या उन्हाने नरसाळ्याच्या काठाला एक तडा गेलाय, पुढच्या मेमध्ये नवीन लागेल बहुतेक. त्याच्याबरोबर घेतलेला डिजिटल थर्मामीटर मात्र मी पश्चिमेच्या भिंतीला लावून स्वतःच वाया घालवला, तो हवेचं नाही, भिंतीचं तापमान सांगत बसला. आता सावलीत, वारा लागेल असा, छातीएवढ्या उंचीवर टांगलाय.

नोव्हेंबरमध्ये एका सकाळी नळीत ०.१ दिसला, आभाळ तर रात्रभर निरभ्र, मुलीने झोपायच्या आधी कृत्तिकांचा झुबका बघितलेला. दव होतं. नरसाळ्याच्या आतल्या बाजूला थेंब चिकटलेले, बोट फिरवलं की ओघळत खाली. पाऊस म्हणून लिहिलं नाही, शेजारी "दव" एवढंच लिहिलं.

दादाकडे आता महिनाभर काहीच नाही. तरी त्याला सवय लागलीय, रोज साडेआठला फोन येतो, तहसीलमधल्या कारकुनासारखा आवाज काढून म्हणतो, "पाचगणी, निरंक." मी म्हणते, "वाई, निरंक." आणि मग चहा ठेवते.