ई-रीडरवर जुन्या कादंबऱ्या : रावेरकडच्या उन्हाळ्यापर्यंतचा अनुभव

मागच्या पावसाळ्यात सहा इंची ई-रीडर, म्हणजे नुसती पुस्तकं वाचायचं यंत्र, घेतला. आता उन्हाळा लागलाय, म्हणजे मत द्यायला हरकत नाही. मी काही पट्टीचा वाचक नाही. जळगाव जिल्ह्यात रावेरकडे केळीची शेती करतो, वर्षाकाठी दोन-चार कादंबऱ्या होतात तेवढ्याच.

आधी यंत्राचं. आमच्या उन्हात मोबाईल तापतो आणि त्यावर आपलंच तोंड दिसतं. ई-रीडरची ई-इंक स्क्रीन कागदासारखी बाहेरचा उजेड परतवते, त्यामुळे भर दुपारी बांधावर अक्षर उलट जास्त ठसठशीत दिसतं. वीज लागते ती मुख्यतः पान बदलताना, म्हणून चार्जरची आठवण फार होत नाही. खरा उपयोग झाला तो शेतातल्या पाण्याच्या मोटारीला रात्रीची लाईट असते त्या आठवड्यांत. लाईट यायची वाट बघत शेडमध्ये बसायचं आणि वाचायचं. यंत्राचा दिवा मात्र मंद ठेवा, नाहीतर सगळी चिलटं पानावर गोळा होतात.

अशाच रात्री हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो?' वाचून काढली. जुनी, कॉपीराइट संपलेली, त्यामुळे फुकट मिळते. शाळेत तिचं नुसतं नाव पाठ केलं होतं. ही कादंबरी १८९० पासून 'करमणूक' साप्ताहिकात क्रमशः येत होती, आणि ते वाचताना कळतं. प्रकरण संपता संपता पुढच्याची ओढ लावून ठेवलेली असते. गोष्ट सांगणाऱ्या यमूचं बोलणं इतकं घरगुती आहे की सुरुवातीला गंमत वाटते, आणि त्याच आवाजात ती केशवपनापर्यंत येते. तिच्या सासरच्या शंकरमामंजींचा मला इतका राग आला की एकदा यंत्र बंद करून पाणी सुटलंय का ते बघायला उठलो. सव्वाशे वर्षांपूर्वीच्या माणसाचा असा राग येणं ही हरिभाऊंची कमाई. मधे मधे ते लांबण लावतात, तेवढी पानं मी सरळ उडवली.

'श्यामची आई' पण फुकट. साने गुरुजी अमळनेरला शिक्षक होते म्हणून आपल्याकडे ती जरा घरची मानतात. लिहिली १९३३ मध्ये, नाशिकच्या तुरुंगात. एकेका रात्रीची एकेक गोष्ट असल्याने तुटक वाचायला सोयीची. पण मोठेपणी मला आईपेक्षा कर्जात बुडत गेलेले वडीलच जास्त दिसले. शेतकऱ्याला दिसणारच.

आता कटकट. जुन्या पुस्तकांच्या स्कॅन केलेल्या पीडीएफ सहा इंचांवर मुंगीएवढ्या दिसतात, त्या नादी लागू नका. काही फुकट फायलींत ऱ्य, ऱ्ह फुटलेले असतात. किती वाचून झालं त्याचे टक्के खाली दिसतात, ते मी बंदच केले. गोष्टीपेक्षा आकड्याकडेच लक्ष जायचं.

'मृत्युंजय' आणि 'कोसला' मात्र घरच्या प्रतींवरच वाचल्या. 'मृत्युंजय' (१९६७) कॉलेजात असताना डोक्यावर घेतली होती. या वेळी कर्ण, कुंती, दुर्योधन, शोण पाळीपाळीने बोलतात पण सगळ्यांची भाषा सारखीच नटलेली वाटली. तरी कवचकुंडलं देतो तिथे पुस्तक खाली ठेवता आलं नाही, हेही खरं. 'कोसला' (१९६३) त्याच्या अगदी उलट. नेमाडे आपल्याच भागातल्या सांगवीचे. पांडुरंग सांगवीकर पुण्यात बापाचे पैसे उडवतो तेव्हा मित्रांना हसू येतं. मला त्या पैशामागचं शेत दिसतं. धाकट्या बहिणीच्या मृत्यूचा भाग दोनदा वाचला, आणि मागे-पुढे पानं चाळायला कागदच बरा पडला. ई-रीडरवर मागचं एखादं वाक्य शोधायचं म्हणजे जीव जातो.

घ्यायचाच असेल तर समोरचा दिवा असलेलाच घ्या आणि कव्हर त्याच दिवशी घ्या. आमच्याकडची धूळ चार्जिंगच्या भोकात जाऊन बसते. वहिनींना 'पण लक्षात कोण घेतो?' वाचायचीय, तर अख्खं यंत्रच द्यावं लागणार. तोवर मी वाचनालयातून 'बनगरवाडी' आणलीय.