सफरचंद की चेरी? धुरी द्यायला कोणतं लाकूड घ्यावं

अमेरिकेत घराला मागे अंगण मिळालं की आज ना उद्या तिथे झाकणाची ग्रिल नाहीतर स्मोकर, म्हणजे मांसाला धुरी द्यायची बंद शेगडी, येतेच. मग दुकानात लाकडाच्या पिशव्यांपुढे उभं राहून डोकं खाजवायचं: सफरचंद, चेरी, पीच, हिकरी (अक्रोडाच्या कुळातलं अमेरिकन झाड), मेस्कीट. मी आधी एवढंच विचारतो: मांसाला मसाला लावणार की नुसतं मीठ-मिरं?

मीठ-मिरंच असेल तर डोळे मिटून सफरचंद घ्या. धूर सौम्य, किंचित गोडसर. कोंबडी, टर्की आणि पोर्कला छान लागतो. विस्कॉन्सिनची न्युस्के कंपनी 1933 पासून सफरचंदाच्या लाकडावर बेकन धुरावते, ते याच चवीसाठी. नवख्याचीही सोय आहे, कारण हात जरा सैल सुटला तरी मांस चटकन कडू होत नाही.

पण आपली गोष्ट वेगळी. आलं-लसूण, तिखट, गरम मसाला चोळून रात्रभर मुरवलेल्या मटणावर सफरचंदाचा धूर कुठच्या कुठे विरून जातो. चार तास निखारे सांभाळायचे आणि पाहुण्यांनी विचारायचं, "मस्त झालंय, ओव्हनमध्ये केलंत का?"

अशा वेळी चेरी. तिचा धूरही फळझाडाचाच, पण अंगाने भरलेला. शिवाय रंग! चेरीवर धुरावलेल्या कोंबडीला जो तांबूस-तपकिरी रंग चढतो, तो सफरचंदावर सहसा येत नाही. मटणाच्या खांद्यासारख्या जाड तुकड्याला मी दोन भाग चेरी आणि एक भाग हिकरी घालतो. हिकरी एकटी घातली तर ती मसाल्यावरही कुरघोडी करते. मेस्कीट त्याहून उग्र. आपल्याकडच्या वेड्या बाभळीची ती बहीणच. झटपट भाजायच्या बीफपुरती ठीक, तासन्‌तास धुरी द्यायला नको.

पीच सफरचंदाच्या जवळपासचं. ताजं आणि स्वस्त मिळालं तर घ्या, मुद्दाम शोधत फिरू नका.

खरं सांगायचं तर सफरचंद की पीच हे डोळे बांधून ओळखणारे थोडेच. लाकूड ओलं असलं तर मात्र कोणालाही कळतं. झाकणाच्या झडपेतून दाट पांढरा धूर येतोय तोवर मांस आत ठेवू नका. तो अर्धवट जळणाऱ्या लाकडाचा धूर, त्याने जिभेवर डांबरासारखी कडवट चव बसते. थांबा, हवा खेळू द्या. धूर विरळ, निळसर, जेमतेम दिसेल असा झाला की मग ठेवा. मांस फ्रिजमधून काढलेलं, गार आणि ओलसर असेल तर सुरुवातीला धूर चांगला धरतं. लाकूड पाण्यात भिजवायचा सल्ला खूप ऐकाल; त्याने आधी वाफ होते, धूर उशिरा. मी भिजवत नाही.

कोळशाच्या ग्रिलवर मुठीएवढे दोन-तीन तुकडे पुरतात. ढलप्या भुर्रकन जळून जातात. त्या गॅसच्या ग्रिलवर, डब्यात घालून वापरायला बऱ्या. पेलेट, म्हणजे भुसा दाबून केलेल्या कांड्या, घेताना पिशवीमागची बारीक अक्षरं वाचा: पुढे सफरचंदाचं चित्र आणि आत बरंचसं ओक, असं पुष्कळदा असतं.

बागेतलं छाटलेलं लाकूड फुकट मिळालं तर उत्तम, पण ते निदान सहा महिने ते वर्षभर वाळवायला हवं. रंग दिलेलं किंवा नुकतीच फवारणी झालेलं नको. आणि गाडीत घालून दुसऱ्या राज्यात नेऊ नका. लाकडातून झाडांची कीड पसरते, म्हणून अनेक ठिकाणी त्यावर बंदी आहे.

महाराष्ट्रात करणार असाल तर पेरू बघा. घट्ट लाकूड, आणि हवाईत मांस धुरवायला ते चालतंच. आंबा मी टाळतो: बिब्बा आणि काजूच्या कुळातला, त्याचा चीक काहींच्या अंगावर उठतो. पाइन, देवदार मुळीच नको. त्यातली राळ चव नासवते.

एकच पिशवी घ्यायची तर चेरीचे तुकडे. ग्रिल 110 ते 120 अंश सेल्सिअसला ठेवा. कोंबडीची कातडी मात्र एवढ्या आचेवर रबरासारखी राहते, म्हणून शेवटी आच 160 च्या पुढे न्या आणि मांसाच्या पोटात थर्मामीटर 74 दाखवेपर्यंत बाहेर काढू नका.