नऊ-पॉइंट-तीन : 'म्हाताऱ्यांच्या काडतुसा'सोबत अकरा महिने

सुरुवात भुवईपासून करतो, कारण भेटेल तो तेच विचारतो. उजव्या भुवईच्या वर अर्ध्या इंचाची जखमेची कोर आहे. बायको तिला चंद्रकोर म्हणते, वर टिकलीचे पैसे वाचले असंही ऐकवते. झालं एवढंच, की आधीच्या रायफलीवरची दुर्बीण मी आळसाने तशीच नव्या रायफलीवर चढवली. तिच्यात डोळा काचेच्या फार जवळ न्यावा लागतो. शूटिंग रेंजवर बाकावर वाकून तिसरा बार काढला आणि दुर्बिणीची कड कपाळावर आली. चूक शंभर टक्के माझी. पण जो कोणी ९.३×६२ (९.३ मिलिमीटर जाडीची गोळी, ६२ मिलिमीटर लांबीचं कवच) या काडतुसाची रायफल घ्यायचा विचार करत असेल त्याने दुर्बीण आधी बदलावी, काडतुसं मग आणावीत.

मी स्वीडनमध्ये वेस्तेरोसला राहतो. इथे येऊन बारा वर्षं झाली, शिकारीचा परवाना मिळून चार. येगारएक्सामेन म्हणजे इथली शिकाऱ्यांची परीक्षा. लेखी झाली की छऱ्याच्या बंदुकीची आणि रायफलीची प्रत्यक्ष परीक्षा होते, आणि पुढे प्रत्येक हत्यारासाठी पोलिसांकडे वेगळा अर्ज करावा लागतो. पहिली तीन वर्षं माझ्याकडे ६.५×५५ होती. १८९४ सालापासून चालत आलेलं, मुळात सैन्यासाठी बनवलेलं हे काडतूस इथे घराघरात सापडतं. धक्का नावाला, नेम सरळ, त्यामुळे नवशिक्याला याहून चांगलं काही नाही. मग बदललं कशाला?

आमच्या याक्तलागमुळे. याक्तलाग म्हणजे गावातल्या जमीनमालकांची आणि त्यांच्यासोबत शिकार करणाऱ्यांची टोळी. आमच्यात चौदा जण आहेत आणि निम्म्यांनी सत्तरी ओलांडली आहे. त्यातल्या चौघांच्या हातात ९.३ आहे. तरुण मंडळींकडे .३०८, ६.५ क्रीडमोर अशा दुसऱ्या काडतुसांच्या रायफली, आणि एकाकडे .३०० विनचेस्टर मॅग्नम, म्हणजे जास्त दारूचं, वेगवान काडतूस. तरुणांच्या मते ९.३ म्हणजे आजोबांचं काडतूस, हळू आणि जाडं, आजोबा गेले की कपाटातून निघून जुन्या बाजारात येणारं. माझी रायफल तशीच आली. जुनी हुस्क्वार्ना, आत माउझर ९८ या जुन्या जर्मन रायफलीची अॅक्शन, म्हणजे काडतूस आत घेऊन झाडणारी यंत्रणा, दस्त्यावर कुणाच्या तरी अंगठीने पडलेला ओरखडा. हुस्क्वार्ना म्हटलं की आज लोकांना झाडं कापायची करवत आठवते, पण एकेकाळी हे नाव बंदुकांचं होतं.

थोडा इतिहास सांगतो, कारण या काडतुसाचा स्वभाव त्यातच आहे. १९०५ साली बर्लिनचा बंदूककार ओट्टो बोक याने हे बांधलं. आफ्रिकेतल्या जर्मन वसाहतींत गेलेल्या शेतकऱ्यांना एकच परवडणारी रायफल हवी होती, जी सकाळी हरणाला चालेल आणि दुपारी म्हैस अंगावर आली तरी चालेल. इंग्रज साहेबांच्या दुनळी रायफली त्यांच्या ऐपतीबाहेरच्या. बोकने नवीन रायफल बनवलीच नाही. ज्या साध्या माउझर ९८ला सगळे ओळखत होते, तिच्या मॅगझिनमध्ये बसेल एवढ्या लांबीचं, पण ९.३ मिलिमीटर जाडीची गोळी धरणारं काडतूस बनवलं. १९१२ साली आलेल्या .३७५ एच अँड एच या इंग्रजी काडतुसाला लांब अॅक्शन लागते, म्हणजे महाग रायफल. बोकचं काडतूस नेहमीच्या, .३०-०६ काडतुसाच्या लांबीच्या अॅक्शनमध्ये आरामात बसतं. जर्मन वसाहती गेल्या, काडतूस राहिलं.

आता आकडे. जड गोळी १८.५ ग्रॅमची, सेकंदाला ७२० मीटरच्या आसपास निघते. नळीच्या तोंडाशी ऊर्जा साधारण ४८०० जूल. ११.७ ग्रॅमची गोळी सेकंदाला ९०० मीटरने फेकणारं .३०० मॅग्नमही जवळपास तिथेच पोचतं. कागदावर दोघं सारखे आणि दुकानात माणूस कागदच वाचतो. फरक असा, की एक तो आकडा वेगाने गाठतं आणि दुसरं वजनाने. तो फरक कळतो जनावर टांगल्यावर, सुरी हातात असताना.

इथल्या कायद्याबद्दल एक वाक्य. मूससाठी, म्हणजे इथल्या सर्वात मोठ्या हरणासाठी, गोळी १० ग्रॅम किंवा त्याहून जड असेल तर १०० मीटरवर किमान २००० जूल हवेत, ९ ते १० ग्रॅमच्या मधली असेल तर २७००. म्हणजे माझी जुनी ६.५ही पूर्ण कायदेशीर होती, आणि तिने दरवर्षी या देशात कितीतरी मूस पडतात. ६.५ने मूस मरत नाही असं म्हणणाऱ्याने इथल्या म्हाताऱ्यांसमोर ते म्हणू नये.

मे ते ऑगस्ट रेंजवर गेले. आमच्याकडे एल्यबाना आहे. ८० मीटरवर रुळावरून मूसचं लाकडी चित्र आधी थांबतं, मग पळतं. हंगामाआधी त्यावर हात बसवावा लागतो. एकूण दोनशेच्या वर काडतुसं झाडली. धक्क्याबद्दल खूप ऐकलं होतं, म्हणून नीट सांगतो. मॅग्नमचा धक्का ही थप्पड आहे, झटकन गालावर बसते आणि डोळे मिटतात. ९.३ची ढुशी आहे. गोठ्यातल्या बैलाने मान खाली घालून माणसाला ढकलावं तसा खांदा मागे जातो. उभं राहून बार काढला तर अंग आपोआप मागे झुलतं आणि काही वाटत नाही. बाकावर बसून मात्र वीस बारांनंतर मी थांबतो. एकदा हट्टाने तीस काढले, दुसऱ्या दिवशी खांदा जांभळा आणि मीटिंगमध्ये माउस डाव्या हातात.

मग १६ ऑगस्ट. या दिवशी रोहरणाच्या (रो डिअर, इथलं छोटं हरीण) नराची मुख्य शिकार सुरू होते. रोहरण म्हणजे वीस-पंचवीस किलोचं जनावर, त्याला ९.३ म्हणजे डासाला मुसळ, असं मलाही वाटायचं. पहिल्या संध्याकाळी ओटच्या शेताच्या कडेला नर उभा राहिला. मी अंतर डोळ्यांनीच मोजलं, सव्वाशे मीटर म्हटलं आणि छातीच्या मध्यावर नेम धरला. बार झाला, नर उडी मारून झाडीत. कुत्रेवाल्याला फोन केला. कायद्याप्रमाणे माग काढणारा कुत्रा दोन तासांत जागेवर यायला हवा, तो पाऊण तासात आला. कुत्र्याने जागा हुंगली, गोल फिरला आणि कंटाळून बसला. रक्त नाही, केस नाही. दुसऱ्या दिवशी लेझरने अंतर मोजलं तर १८० मीटर निघालं. गोळी पोटाखालून गेली होती. हा या काडतुसाचा खरा दोष. १०० मीटरवर जुळवलेली जड गोळी २०० मीटरवर वीतभराहून जास्त खाली येते. सपाट मैदानात, डोंगरउतारावर, लांबच्या बारांसाठी हे घेऊ नका. मी आता १५० मीटरपलीकडे चाप ओढत नाही. आमच्या जंगलात तशी वेळही क्वचित येते, ऐनाची आणि बर्चची झाडी एवढी दाट, की ६० मीटर म्हणजे लांब.

(ऐन म्हटलं खरं. ती इथली स्प्रूस, पण आजोळी सावंतवाडीकडच्या रानात काळपट उभं झाड दिसलं की मामा 'ऐन' म्हणायचा, तोंडात तेच येतं. मामाकडे शेतराखणीच्या परवान्याची ठासणीची बंदूक होती. व्हिडिओ कॉलवर रायफल दाखवली तर त्याने ना नळी बघितली ना दुर्बीण. विचारलं एकच, "गोळी जड आसा मां?" हो म्हटलं. "मगे बरा.")

ऑक्टोबरचा दुसरा सोमवार, आमच्या भागातल्या मूसच्या हंगामाचा पहिला दिवस. मूस मिळाला तिसऱ्या दिवशी. धुकं होतं, रेडिओवर कुणी तरी हळू आवाजात सांगत होतं की कुत्रा ओढ्यापलीकडे भुंकतोय. मी पासवर, म्हणजे नेमून दिलेल्या जागी, एका खडकाला टेकून उभा. आधी ऐकू आलं ते पाणी, चिखलातून पाय उपसल्याचा तो चळप-चळप आवाज. मग धुक्यात चार पाय दिसले आणि त्यांच्यावर काहीच नाही. मूसचं अंग एवढं उंच, की झाडाच्या फांद्यांमागे होतं. तरुण नर, दोन टोकांची शिंगं. पंचावन्न पावलांवर तो आडवा थांबला, कान मागे कुत्र्याकडे. खांद्याच्या मागे नेम धरला. बाराचा आवाज मला आठवतच नाही. तो दचकला नाही, पडलाही नाही. जणू काही झालंच नाही असा चालत गेला, चाळीस एक पावलं, आणि बसला. मी दुसरं काडतूस चढवून वाट बघत राहिलो. गरज पडली नाही.

खरी परीक्षा संध्याकाळी, मांस कापायच्या शेडमध्ये. त्याच दिवशी .३०० मॅग्नमवाल्या मित्रालाही मूस मिळाला होता, त्याचाही बार खांद्याच्या जवळचाच. दोन्ही जनावरं शेजारी टांगलेली. त्याच्या मूसच्या पुढच्या पायावर कातडी सोलली तेव्हा खाली जांभळं, जेलीसारखं थबथबीत मांस, रक्त स्नायूंच्या थरांमध्ये वीतभर लांब पसरलेलं. सुरीने ते काढत गेलो तर बादली निम्मी भरली. माझ्याकडे आत जाणारं भोक बोटाएवढं, बाहेर पडणारं जुन्या रुपयाएवढं आणि फेकायला जेमतेम मूठभर. आमच्यातले सर्वात वयस्क, एकेकाळी गावचे खाटीक, त्यांनी भोकात अंगठा घातला, काढला, पॅन्टला पुसला आणि म्हणाले, "भोकापर्यंत खाता येतं." इथल्या म्हाताऱ्यांची ही जुनी म्हण. मित्राच्या हाताचा दोष नव्हता, त्याने माझ्याहून चांगला बार काढला होता. वेगाने गेलेली गोळी एवढ्या जवळून आदळली, की तिच्या आजूबाजूचं फाटतंच. जड, हळू गोळी वाट काढते आणि पलीकडून बाहेर पडते. बाहेर पडली म्हणजे दोन्ही बाजूंनी रक्त, म्हणजे जनावर चाललं तरी माग सुटत नाही.

नंतर हिवाळ्यात तीन रानडुकरं मिळाली, सगळी रात्री, दाणा टाकलेल्या जागी, पन्नास मीटरच्या आत. त्यांच्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही, जागच्या जागी पडली. डुकराचं मांस ट्रायकिनेला या परजीवी जंताच्या तपासणीशिवाय शिजवायचं नाही, नमुना प्रयोगशाळेत पाठवायचा, एवढं नव्यांनी लक्षात ठेवावं. मूसचं मटण मात्र काळ्या वाटणात. प्रेशर कुकरच्या सहा शिट्ट्या, तरी चामट राहिलं तर आणखी दोन.

तक्रारी आहेत. काडतुसं महाग. .३०८चे जिथे चार-पाच प्रकार शेल्फवर पडलेले असतात तिथे ९.३चे दोन, आणि ऑगस्टच्या शेवटी तेही संपतात. मी नोर्मा कंपनीची १८.५ ग्रॅमची ओरिक्स नावाची गोळी वापरतो. ती इथेच, स्वीडनच्या वर्मलांड प्रांतात ओमोत्फोर्सला बनते, तरीही हंगामात हुडकावी लागते. १५ ग्रॅमची हलकी गोळीही मिळते, सेकंदाला ८०० मीटरच्या आसपास जाते आणि थोडी सपाट उडते. लांबच्या बारांची हौस असेल त्याने ती बघावी. मी पन्नास झाडून परत जडवर आलो, कारण ती वापरायची तर मग हे काडतूस कशाला? जुन्या नळीला सायलेन्सरसाठी आटे पाडून घ्यावे लागले, आणि आता झाडीत वळलो की नळी फांद्यांत अडकते, बांबू घेऊन जिन्यावर चढल्यासारखं. वजनही आहे. चार तास खांद्यावर असली की कळतं.

जुनी घेणाऱ्यांसाठी एक गोष्ट महत्त्वाची. हुस्क्वार्नाच्या जुन्या रायफलींमध्ये ९.३×५७ नावाचं दुसरं, आखूड काडतूसही खूप चालायचं. नळीची जाडी तीच, नाव जवळजवळ तेच. नळीवरचा शिक्का वाचल्याशिवाय पैसे देऊ नका, आणि 'नऊ-तीन आहे' या विक्रेत्याच्या शब्दावर काडतुसं तर मुळीच आणू नका. ९.३×७४आर हे तिसरं भावंड, ते कडं असलेलं लांब काडतूस मधोमध मोडणाऱ्या रायफलींसाठी असतं.

६.५ विकणार का, असं याक्तलागमध्ये दोघांनी विचारून झालंय. नाही विकणार. लेकीने गेल्या महिन्यात येगारएक्सामेनचं पुस्तक उघडलंय, रोज रात्री ती प्राण्यांच्या पावलांचे ठसे पाठ करते आणि मला प्रश्न विचारते. दोन उत्तरं माझी चुकली. तिच्या खांद्याला ६.५च बरी. दुर्बीण मात्र तिच्यावर नवी बसवली आहे, लांबून बघता येईल अशी. घरात एक चंद्रकोर पुरे.