तांब्याची म्हणून घेतलेली सोलरची जाळी

घरच्या घरी सोलर वॉटर हीटर तयार करण्याचा ज्यांचा विचार आहे, त्यांनी नळ्यांची जाळी विकत घेण्यापूर्वी हा अनुभव वाचावा, एवढ्याचसाठी तो लिहीत आहे.

आम्ही सांगलीत विश्रामबागला राहतो. कंपनीचा शंभर लिटरचा सोलर परवडणारा नव्हता, म्हणून पेटी, काच, ग्लासवूल आणि टाकी यांची जुळवाजुळव स्वतः करायची आणि फक्त नळ्यांची जाळी बाहेरून करून घ्यायची, असे मी ठरवले. एका वेल्डिंगवाल्याने वर-खाली एक इंची हेडर, म्हणजे आडव्या नळ्या, आणि त्यांच्यामध्ये अर्ध्या इंचाच्या नऊ उभ्या नळ्या, सगळे अस्सल तांब्याचे, असे तोंडी सांगून साडेनऊ हजारांत काम घेतले. रोख रक्कम कमी पडत होती, त्यामुळे आईच्या माहेराहून आलेला तांब्याचा बंब मी मोडीत घातला. त्याने आतली राख झाडून तो दोनदा काट्यावर ठेवला आणि चार हजार वजा केले.

आठ दिवसांनी जाळी हातात आली ती काळा रंग देऊनच. "काका, रंग तर द्यावाच लागतो, तुमचं काम वाचवलं," असे तो म्हणाला. हेडरची चारही टोके मात्र रंगाविना ठेवलेली होती. ते लखलखीत तांबे पाहून मी निर्धास्त झालो. जाळी उचलूनही शंका आली नसती, कारण लोखंड तांब्यापेक्षा जेमतेम एक अष्टमांशाने हलके असते आणि तेवढा फरक हाताला कळत नाही.

पेटी दक्षिणेकडे तोंड करून सुमारे 30 अंशांच्या उतारावर बसवली. रात्री पाणी उलटे फिरून गार होऊ नये म्हणून टाकीचा तळ जाळीच्या वरच्या कडेपेक्षा फूटभर उंच घेतला. थंडीभर पाणी उत्तम तापले, आणि फसवणूक इतके दिवस लपून राहिली ती नेमकी त्यामुळेच. लोखंडी नळीतूनही पाणी चांगले तापते. गरम पाणी हा नळी तांब्याची असल्याचा पुरावा नव्हे, हे मला फार उशिरा समजले.

पाचव्या महिन्यात बादलीच्या तळाशी तांबूस गाळ दिसू लागला. मी बोअरच्या पाण्याला दोष दिला. मग काच आतून धुरकट झाली, म्हणून ती उतरवली, तर ग्लासवूल ओले होते आणि तीन नळ्यांना टाचणीएवढी छिद्रे पडली होती. तिन्ही छिद्रे हेडरच्या जोडापासून दोन बोटांच्या आत होती. कानस मारल्यावर काळ्या रंगाखाली तांब्याचा पातळ पापुद्रा आणि त्याखाली राखाडी लोखंड निघाले. जुन्या स्पीकरचे चुंबक लावले, तर ते रंगावरूनच नळीला चिकटले. हेडर खरे तांब्याचे होते, नऊही नळ्या मुलामा दिलेल्या लोखंडी होत्या. तांबे आणि लोखंड एकमेकांना भिडून त्यांतून क्षारयुक्त पाणी वाहू लागले की जोडाजवळचे लोखंड झपाट्याने गंजते, म्हणूनच छिद्रे नेमकी तिथे पडली.

जाब विचारल्यावर त्याने मलाच बिल दाखवायला सांगितले. बिलावर 'सोलर जाळी, 1 नग' एवढेच होते. तांब्याचा उल्लेख नव्हता आणि तो करून घेण्याचे मला सुचले नव्हते. बंब त्याने केव्हाच पुढे विकला होता. घरी आईला हे सांगताना मला फार जड गेले. ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर मी तक्रार नोंदवली आहे, परंतु तोंडी शब्दाखेरीज माझ्या हाती काही नाही.

म्हणून रंग दिलेली तयार जाळी कोणीही घेऊ नये. नळ्या सुट्या आणि वजनावर घ्याव्यात, प्रत्येक नळीवर टोकापासून टोकापर्यंत चुंबक फिरवावे, एक तुकडा समोर कापून घ्यावा आणि बिलावर 'तांब्याची नळी' हे शब्द, जाडी आणि वजन लिहून घ्यावे. स्टीलच्या टाकीला मात्र ही परीक्षा पुरत नाही, कारण 304 आणि हलके 202 या दोन्ही प्रतींना चुंबक सहसा चिकटत नाही. तिथे रसायनाचा थेंब टाकूनच पारख करावी लागते.

जुने हेडर ठेवून मी आता दोन-दोन मीटरच्या नऊ नळ्या नव्याने घेतल्या आहेत. 0.7 मिलिमीटर जाडीच्या त्या नळ्यांचे वजन सव्वाचार किलो भरले, ते बिलावर नोंदवून घेतले, जोडकाम समोर उभे राहून करून घेतले आणि काळा रंग घरी आणून मी स्वतः दिला.